उभी सवारी

मुंजाभाऊंनी पहिल्या भेटीत मला ना नाव विचारलं, ना गाव. विचारलं ते एवढंच, "मॅडम, तुम्ही कधी टेम्पोत मागं उभ्यानं गेल्ता का?"

परतूरजवळच्या बियाण्यांच्या फार्मवर मी नुकतीच रुजू झाले होते. कृषीची पदवी, नवे बूट, डोक्यावर हॅट, असा सगळा थाट होता. मला वाटलं, हा माणूस माझी फिरकी घेतोय. "गेलेय की, कॉलेजात असताना," मी ठसक्यात म्हटलं.

"मंग सांगा, ब्रेक लागल्यावर पहिला कोणचा पाय पुढं टाकला?"

मी खाली माझ्या नव्या बुटांकडे पाहिलं. मुंजाभाऊंनी नापास केल्यासारखी मान हलवली आणि निघून गेले. पुढं कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. फार्मच्या मालकीण, म्हणजे आमच्या ताईसाहेब, त्यांनाही विचारून झाला होता. जालन्यात एवढा मोठा बियाण्यांचा व्यवसाय सांभाळणाऱ्या बाई, पण त्याही नापासच झाल्या होत्या.

मुंजाभाऊ ताईसाहेबांचे वीस वर्षांपासूनचे ड्रायव्हर. वय पंचावन्नच्या पुढं, अंग काटक, मिशी पांढरी आणि शर्ट रोज इस्त्रीचा. घराणं मंठ्याकडचं, मूळचं मेंढरं राखणारं. आजोबांनी मेंढरं विकून जमीन घेतली आणि घर शेतीला लागलं. मुंजाभाऊ मात्र लहानपणी उरल्यासुरल्या मेंढरांमागं हिंडलेले होते, त्यामुळे की काय, त्यांची चाल तशीच राहिली होती. पाऊल हळू आणि अर्धं लक्ष मागं.

गाडी ते अनवाणी चालवायचे. चपला सीटखाली जोडीनं ठेवलेल्या. "तळव्याला पेडल कळलं पायजे," म्हणायचे. पुण्याचे एक पाहुणे हे बघून बिचकले, तेव्हा ताईसाहेब म्हणाल्या, "ते ज्या दिवशी बूट घालून चालवतील, त्या दिवशी मी उतरेन." परतूर ते मंठा रस्त्यावरचा एकेक गतिरोधक त्यांना स्वभावासकट पाठ होता. "शाळेपुढचा गरीब हाय. वेशीजवळचा मात्र खवीस." किती वेळ लागेल, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "निघू तर खरं." शब्द देणं हा प्रकारच त्यांच्याकडे नव्हता. लोकांना माणूस तुसडा वाटायचा. मलाही पहिले सहा महिने तसंच वाटत होतं, उगाच खोटं कशाला सांगू.

मग ती गाडी आली. उंच, रुंद, काळीभोर, परदेशी बनावटीची. पेट्रोलवरही चालायची आणि बॅटरीवरही. बॅटरी संपली की भिंतीतल्या प्लगला वायर लावून मोबाइलसारखी चार्ज करायची. फार्मच्या फाटकातून ती पहिल्यांदा आत आली तेव्हा आवाज म्हणून आला नाही. आम्ही सगळे तिच्या काचा, गाद्या, आपोआप उघडणारं मागचं दार बघण्यात दंग. मुंजाभाऊ गोठ्याकडे बघत होते. गाई खाली मान घालून वैरण खात होत्या.

"बगा," ते मला हळूच म्हणाले, "एकीनंबी कान टवकारला न्हाई."

पण फार्मवर ती चार्जच होईना. प्लग लावला की चार्जरवर लाल दिवा. शहरातून एक माणूस आला, त्यानं अर्थिंग नीट नाही असं सांगितलं आणि चहा पिऊन गेला. फार्मवरच्या मंडळींनी लगेच निकाल देऊन टाकला की ही शहरातली नाजूक बाई, इथं नांदायची नाही. मुंजाभाऊंनी कुदळ घेतली. भिंतीमागं पुरुषभर खड्डा खणला. वायरमनला बोलावून त्यात तांब्याची पट्टी बसवून घेतली. वर कोळसा आणि खडे मीठ थराथरानं भरलं आणि पाणी ओतायला मधोमध एक पाइप सोडला. दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा. उन्हाळ्यात खड्डा सुकला की तो पुन्हा लाल व्हायचा, म्हणून भाऊ रोज सकाळी तिथं तांब्याभर पाणी घालायचे. आधी तुळशीला, मग अर्थिंगला.

"भाऊ, हळदकुंकू राह्यलं!" माणसं ओरडायची.

"वाहा की तुम्ही. तुळस खोकला खाती, ही शॉक खाती," भाऊ शांतपणे म्हणायचे.

त्यांचा तो टेम्पोचा प्रश्न कुठून आला, हे मला एका दुपारी कळलं. ते गाडीची काच पुसत होते आणि मी सावलीत बसले होते. त्यांचा स्वतःचा एक बैल होता, बाळ्या. कडब्यातून तारेचा तुकडा त्याच्या पोटात गेला. असं जनावर रवंथ करायचं सोडतं, पाठीची कमान करून उभं राहतं, आणि ती तार पोटातून काळजाकडे सरकत जाते. परभणीला जनावरांचा मोठा दवाखाना आहे, तिथं पोट उघडून तार काढतात. बाळ्याला न्यायला छोटा टेम्पो मिळाला. त्यात तो उभा मावेना, म्हणून चारी पाय बांधून आडवा पाडला. रस्ताभर गचके.

"दवाखान्यात फळी काढली, मॅडम, तर तो उठलाच न्हाई. डॉक्टर म्हणले, आडवा कशाला आणला? उभा आणला असता तर वाचला असता." ते काच पुसतच होते. "म्या ड्रायव्हर माणूस. सगळ्या दुनियेला नेऊन सोडलं. अन् माझंच जनावर मला बराबर नेता आलं न्हाई."

मला माझीच लाज वाटली. सहा महिने या माणसाला मी तुसडा समजत होते.

बाळ्या गेला त्या दिवसापासून मुंजाभाऊंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आजारी जनावर घरून उभं निघावं आणि दवाखान्यात उभं उतरावं. ट्रॅक्टर हिसके देतो, टेम्पो थरथरतो. ही गाडी मात्र जागची हलली तरी कळत नाही, आणि पोटात बॅटरी असल्यामुळे रस्त्याला धरून चालते. गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकातलं एक चित्र त्यांनी ताईसाहेबांपुढं धरलं. चित्रात गाडीमागं हूक होता आणि हुकाला ट्रेलर.

"ताईसाहेब, तुम्हाला ही आठवड्यातून दोनदाच लागती. बाकीचे दिस ही उभीच राह्यती."

ताईसाहेब आधी हसल्या. मग त्यांनी भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचं थांबवलं. बाळ्या त्यांनाही माहीत होता. जालन्याच्या एका कारखान्यात ट्रेलर बांधून घेतला. बुटका, दोन चाकांचा, मागं उताराची फळी असलेला.

आता कोणीही म्हणेल, घाला जनावर आणि निघा. भाऊंचं म्हणणं वेगळं होतं. ट्रेलर आला त्या दिवशी ते स्वतः आत जाऊन उभे राहिले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"मी? भाऊ, मला नीट चालवता तरी येतं का?"

"म्हणूनच तुम्ही चालवा. जनावराला दर टायमाला मुंजाभाऊच कुठून भेटणार?"

फार्मच्या आतल्या रस्त्यावर मी चालण्याच्या गतीनं गाडी घेतली. पहिलं वळण ठीक गेलं. पुढं एक कुत्रं आडवं आलं आणि मी ब्रेक दाबला. मागून धप्प असा आवाज आला. धावत जाऊन फळी उघडली तर भाऊ गुडघ्यांवर बसलेले, एक गुडघा फुटलेला, आणि चेहऱ्यावर मोठा आनंद.

"आडवा दांडा वर बसला हाय, मॅडम. छातीला टेकायच्या जागी गळ्याला टेकतो. अन् खाली रबर पायजे. आता उलटं वळा बरं."

असे ते दोन दिवस त्या ट्रेलरमध्ये उभे राहिले. दांडा खाली आला, रबर लागलं, बाजूंना गाद्या लागल्या. गाडीतलं एक बटण त्यांनी शोधून काढलं होतं, ते दाबलं की बॅटरी राखून ठेवता यायची. "रिकामं जाताना पेट्रोल जाळायचं. जनावर आत आलं की बॅटरी." गाडी विकणाऱ्यांनी ते बटण कशासाठी आहे म्हणून सांगितलं होतं, देव जाणे.

आणि मग एवढी तयारी करणाऱ्या माणसाच्या हातून ती चूक झाली.

जालन्याच्या प्रदर्शनाला फार्मचा देवणी जातीचा वळू न्यायचा होता. ताईसाहेब आणि मी मागच्या सीटवर बसलो होतो. रस्ता मोकळा होता. उतार लागला, गाडीनं थोडा वेग घेतला आणि ट्रेलर शेपटासारखा हलायला लागला. आधी थोडा, मग एवढा की त्याच्याबरोबर आमची गाडीही डावी-उजवीकडे ओढली जायला लागली. ताईसाहेबांनी माझा हात गच्च धरला. भाऊंनी ब्रेकला पाय लावला नाही. पेडल सोडलं, चाक सरळ धरून ठेवलं आणि तोंडानं "हो, हो, हो" असं म्हणत राहिले. हळूहळू सगळं शांत झालं. गाडी कडेला घेऊन ते उतरले. वळू उभा होता, पण तोंडाला फेस आला होता.

फार्मवर परतल्यावर दहा तोंडं आणि एकच निकाल. गाडीच खोटी! ट्रेलर बांधणाराही येऊन म्हणाला की बॅटरीच्या गाड्या ओढायच्या कामाच्या नसतातच. भाऊंनी नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं. गाडीला काही तोंड नव्हतं.

"गाडी बराबर हाय," भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले. "ट्रेलरबी बराबर हाय. चूक माझी हाय, बिलकुल माझी."

चूक अशी होती. बैलगाडी भरताना जाणता माणूस बैलांच्या मानेवर भार पडू देत नाही. मानेला जखम करणाऱ्या गाडीवानाला आमच्याकडे लोक दारात उभं करत नाहीत. भाऊंच्या आजोबांनी त्यांना हेच शिकवलं होतं आणि भाऊंनी ते नव्या गाडीलाही लावलं. महागाची गाडी, तिच्या मानेला त्रास नको, म्हणून त्यांनी वळू मुद्दाम मागं बांधला. ट्रेलर मागून जड झाला. बैलगाडी अशी मागं जड झाली की तिला उलाळ म्हणतात. ती पुढून वर उचलली जाते आणि बैलांना ते लगेच कळतं. हुकाला कसं कळणार?

"बैलाची मान दुखती, हुकाची न्हाई. त्याला दाबच पायजे. दाब न्हाई तर मागचं मोकाट सुटतं," भाऊ म्हणाले. "म्या गाडीला बैल समजलो, ताईसाहेब."

ताईसाहेब अजून सावरल्या नव्हत्या. "ट्रेलर विकून टाका," त्या म्हणाल्या. "मुंजाभाऊ, मला तुमच्याशिवाय दुसरा ड्रायव्हर नकोय, आणि तुम्हाला काही झालेलंही नकोय."

भाऊंचा चेहरा उतरला. वीस वर्षांत त्यांनी मालकिणीकडे काही मागितलं नव्हतं. "आठ दिस द्या," ते म्हणाले. एवढंच.

ते आठ दिवस मी कधी विसरणार नाही. कापूस मोजायचा मोठा काटा आणून भाऊंनी त्याला ट्रेलरचं नाक, म्हणजे हुकात अडकणारं टोक, टांगलं. आत वाळूची पोती भरली. पोती हातभर पुढं सरकवली की काटा काय दाखवतो, मागं सरकवली की काय दाखवतो, हे बघत ते दिवसभर उन्हात उभे. मी इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन मराठीत सांगायची. एखादं वाक्य मी घाईत उरकलं की लगेच म्हणायचे, "मॅडम, हे कच्चं झालं, परत वाचा." ज्या वयात माणसं "मला आता काय शिकायचंय" म्हणतात, त्या वयात हा माणूस माझ्याकडून धडा वाचून घेत होता आणि माझ्या चुका काढत होता! शेवटी त्यांनी ट्रेलरच्या जमिनीवर पांढऱ्या रंगानं एक रेघ ओढली. जनावराचे पुढचे पाय या रेघेवर आले की हुकावर पाहिजे तेवढा दाब येतो.

आठव्या दिवशी ताईसाहेब स्वतः पुढच्या सीटवर बसल्या. मागं त्याच वळूच्या वजनाची पोती, पुढं तोच उतार. ट्रेलर सुतात चालला. उतरून ताईसाहेबांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "हा विकायचा नाही." मला त्या क्षणी मुंजाभाऊंचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या स्वतःच्या पदवीच्या दिवशीही माझा मला वाटला नव्हता.

पुढच्या वर्षभरात त्या ट्रेलरमधून पुष्कळ जनावरं गेली. कोणाचा पाय मोडलेला, कोणाचं वासरू आडवं आलेलं. पण तार खाल्लेलं जनावर एकही आलं नव्हतं. भाऊ ते बोलून दाखवत नसत, पण ते कशाची वाट बघतायत हे मला माहीत होतं, आणि कशाला भितायत हेही.

तो फोन मे महिन्यात कुंभार पिंपळगावहून आला. हरिभाऊ नावाच्या शेतकऱ्याचा चांद्या हा बैल चार दिवसांपासून रवंथ करत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तार आहे, परभणीला न्या, आणि नेताना पुढचे पाय उंचावर ठेवा म्हणजे तार काळजाकडे सरकणार नाही. पुढचे पाय उंच केले की बैलाचा भार मागं जातो, म्हणजे आमची ती जुनी चूक पुन्हा दारात. भाऊंनी विचार केला, रेघेवर जाड फळ्यांचा ओटा केला आणि ट्रेलरच्या नाकाशी वाळूची दोन पोती टाकली.

हरिभाऊंच्या अंगणात चांद्या पाठीची कमान करून उभा होता. हरिभाऊंची बायको शांताबाई त्याच्या गळ्याला धरून होती. तिला बरोबर येता येत नव्हतं. जोडीतला दुसरा बैल एकटा राहिला की वैरण सोडायचा, त्याच्याजवळ कोणीतरी थांबणं भाग होतं. चांद्या ओट्यावर चढला, फळी लागली, तेव्हा ती भाऊंपुढं आली.

"भाऊ, उभा न्याल ना?"

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. "निघू तर खरं, वैनी," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

ट्रेलरमध्ये एक छोटा कॅमेरा होता आणि त्याचं चित्र माझ्या मोबाइलवर दिसायचं. हरिभाऊ मागच्या सीटवर हात जोडून बसले होते. गाडी आवाज न करता निघाली. प्रत्येक गतिरोधकानंतर भाऊ समोर बघत विचारायचे, "पाय?" मी मोबाइलमध्ये बघून सांगायची, "चारी." अर्धा रस्ता सरल्यावर भाऊंनी बॅटरीचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "एसी बंद करा. इंजिन चालू झालं तर तो बुजल." मे महिन्यात, एवढ्या महागड्या गाडीत, आम्ही तिघं घामानं निथळत बसलो. कोणी तक्रार केली नाही.

मानवतच्या जवळ चांद्याचा पुढचा एक गुडघा वाकला.

"भाऊ, बसतोय!"

त्यांनी ब्रेक मारला नाही. गाडी नुसती सोडून दिली, ती लिंबाच्या सावलीला जाऊन थांबली. अनवाणीच तापल्या डांबरावरून पळत ते मागं गेले. आत शिरून त्यांनी चांद्याच्या छातीखाली खांदा दिला आणि तसेच उभे राहिले. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. हरिभाऊ रडत होते. बराच वेळ गेला. शेवटी चांद्यानं गुडघा उचलला, पाय ओट्यावर रोवला, आणि भाऊ बाहेर आले. शर्टाची इस्त्री पार गेली होती.

"पाय?" त्यांनी चाक हातात घेत विचारलं.

"चारी," मी म्हटलं.

पुढं ऑपरेशन झालं, बोटभर तार निघाली, आणि चांद्या त्या वर्षी पोळ्याला जोडीनं मिरवला. पण ते सगळं मी फोनवर ऐकलं, कारण मला नांदेडला नोकरी लागली होती आणि मी दवाखान्यातूनच तिकडे गेले. मुंजाभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते परभणीच्या दवाखान्याच्या आवारात.

त्यांनी फळी खाली सोडली. चांद्या एकेक पाय मागं टाकत, चाचपडत उतरला आणि मातीवर चारी पायांवर उभा राहिला. डॉक्टर पुढं झाले. भाऊ मात्र जिथं होते तिथंच खाली बसले. इतक्यात हरिभाऊंचा फोन वाजला. शांताबाईचा होता. हरिभाऊंनी तो सरळ भाऊंच्या हातात दिला.

"वैनी, उभा हाय," भाऊ म्हणाले. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण भाऊ उठले, चांद्याजवळ गेले आणि फोन त्याच्या कानाशी धरला. शांताबाई त्याला हाका मारत होती, मोठमोठ्यानं, लेकराला मारावी तशी. चांद्यानं मान वळवली.

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. एक हात फोनला, दुसरा चांद्याच्या पाठीवर. "ऐकलं, वैनी," ते म्हणत होते. "त्यानं ऐकलं. बोला तुम्ही, अजून बोला."